हजारातला एक आणि उरलेले नऊशे नव्व्याण्णव

माझी मावसबहीण एमबीबीएस झाली आणि बाँडच्या नोकरीसाठी मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. मी पुण्यात, ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकलेलो. मला वाटलं, क्वार्टरमध्ये पाणी नसेल किंवा लाइट गेली असेल. ती म्हणाली, ‘‘दादा, आज ओपीडीत ऐंशी पेशंट होते. त्यातल्या निम्म्या लोकांना नेमकं काय झालंय, ते मला कळलंच नाही.’’

ही आमच्या घरातली सगळ्यात हुशार मुलगी. हृदयाच्या झडपेचा दोष स्टेथोस्कोप लावून ओळखायची, परीक्षेत दुर्मीळ आजारांची कारणं धडाधड सांगायची. पण त्या दिवशी तिच्यासमोर पन्नाशीची एक बाई बसली होती आणि सांगत होती, ‘अंगात कणकण आहे, तोंडाला चव नाही, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, काम उरकत नाही.’ वॉर्डात अशी बाई तिला कधी भेटलीच नव्हती. वॉर्डातला पेशंट तिच्यापर्यंत पोचायचा तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरनं त्याला पुढे पाठवलेलं असायचं, कॅज्युअल्टीत कुणीतरी तपासलेलं असायचं, केसपेपरवर निदान लिहिलेलं असायचं. तिचं काम असायचं ते निदान पाठ केलेल्या पद्धतीनं सिद्ध करून दाखवणं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक चूक नेहमी होते. प्रोग्रॅम तपासायला जो नमुना-डेटा वापरतो, तो नीटनेटका, निवडलेला असतो. त्यावर सगळं उत्तम चालतं. मग खरे वापरकर्ते येतात, अर्धवट पत्ते आणि दोन-दोन आडनावं घेऊन, आणि सगळं कोसळतं. बहिणीचं बोलणं ऐकताना मला वाटलं, डॉक्टर घडवणाऱ्यांनीही हीच चूक केलीय की काय? म्हणून वाचायला लागलो. हा प्रश्न माझ्या आधी अनेकांना पडला होता, आणि एका फॅमिली डॉक्टरनं तर त्यापायी आपला चालता दवाखाना सोडून विद्यार्थी शिकवायला समुद्रापार बिऱ्हाड हलवलं होतं. त्याची, आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या काही लोकांची ही गोष्ट.

एका महिन्याचा हिशेब

आधी एक जुना हिशेब सांगतो. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा लेख लिहिला. अमेरिका आणि ब्रिटनमधली उपलब्ध आकडेवारी एकत्र करून त्यांनी विचारलं, की समाजातली एक हजार प्रौढ माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यांचं काय होतं?

उत्तर असं आलं: हजारातल्या साधारण ७५० जणांना महिन्याभरात काही ना काही दुखणं किंवा इजा होते. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. ५ जणांना एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतो. आणि फक्त एक जण विद्यापीठाच्या, म्हणजे शिकवणाऱ्या, रुग्णालयात पोचतो.

मेडिकलचे विद्यार्थी या एका माणसाकडून सगळं वैद्यक शिकतात. २००१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अमेरिकेत हाच हिशेब पुन्हा मांडला. मधल्या चाळीस वर्षांत औषधं बदलली, यंत्रं बदलली, विमा आला. पण शिकवणाऱ्या रुग्णालयात पोचणाऱ्यांचं प्रमाण हजारी एकापेक्षाही किंचित कमीच निघालं.

यानं काय बिघडतं? आकडेमोड करून बघू. समजा एखाद्या आजाराची तपासणी ९५ टक्के बिनचूक आहे: आजारी माणसांपैकी ९५ टक्क्यांना ती बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडते. मोठ्या रुग्णालयात, जिथे गाळून गाळून आलेल्या हजार जणांत २५० खरोखर आजारी आहेत, तिथे तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर ती खरी असण्याची शक्यता ८६ टक्के. गावातल्या दवाखान्यात, जिथे हजारात एकालाच तो आजार आहे, तिथे तीच तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती खरी असण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. यंत्र तेच, डॉक्टर तोच, कागदावरचा शब्दही तोच. डॉक्टर कुठे बसलाय, एवढ्यानं त्या शब्दाचा अर्थ बदलतो. ‘डोकं दुखतंय’ या वाक्याचंही असंच. मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात ते वाक्य ऐकून शिकलेला मुलगा गावात प्रत्येक डोकेदुखीला घाबरणार किंवा शेवटी कंटाळून एकालाही नाही घाबरणार. दोन्ही वाईटच.

शिक्षण रुग्णालयात कसं गेलं

हे पूर्वीपासून असं नव्हतं. एकेकाळी डॉक्टर व्हायचं म्हणजे एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली राहायचं, त्याच्याबरोबर घोडागाडीतून घरोघर हिंडायचं. त्यात गुरू चांगला मिळाला तर ठीक, नाहीतर अडाणीपणाचीच परंपरा पुढे चालायची. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकात पैसे घेऊन पदव्या वाटणाऱ्या शाळांचं पेव फुटलं होतं.

या अंदाधुंदीला उत्तर म्हणून रुग्णालय आलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून काढून वॉर्डात, रुग्णाच्या खाटेजवळ उभं केलं. १९१० साली एब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून अहवाल लिहिला. शाळा विद्यापीठाशी जोडलेली हवी, प्रयोगशाळा हवी, स्वतःच्या ताब्यातलं रुग्णालय हवं, असा त्याचा आग्रह होता. निकृष्ट शाळा भराभर बंद पडल्या. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षणतज्ज्ञ होते, आणि त्यांच्या काळाच्या रोगावर त्यांनी दिलेलं औषध बरोबरच होतं. आजही वॉर्डात न शिकलेल्या डॉक्टरकडे मी तरी जाणार नाही.

पण औषधाचा एक दुष्परिणाम झाला. शिकवणारे सगळे रुग्णालयातले झाले, म्हणजे हळूहळू सगळे कुठल्या ना कुठल्या अवयवाचे तज्ज्ञ झाले. ज्या डॉक्टरकडे हजारातले अडीचशे जातात, तो जनरल प्रॅक्टिशनर शिकवणाऱ्यांच्या यादीतून नाहीसा झाला. विद्यार्थ्यानं पाच-सहा वर्षं ज्याच्यासारखं व्हायची स्वप्नं बघायची, तो माणूस नेहमी तज्ज्ञ असायचा. सामान्य डॉक्टर त्याला भेटायचा तो फक्त रेफरन्सच्या चिठ्ठीवरच्या सहीत, आणि ती चिठ्ठी वॉर्डात बहुधा हसण्यावारी नेली जायची.

बर्नलीचा डॉक्टर

हे चुकतंय, असं लवकर म्हणणाऱ्यांपैकी एक होते जेम्स मॅकेन्झी. स्कॉटलंडचे, एडिनबरोला शिकलेले. १८७९ मध्ये ते लँकेशायरमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात जनरल प्रॅक्टिस करायला आले. हृदयविकार असलेली त्यांची एक गरोदर रुग्ण बाळंतपणात दगावली. मॅकेन्झींना प्रश्न पडला: हृदयाचा दोष असलेल्या कुठल्या बाईला बाळंतपण झेपेल आणि कुठल्या बाईला नाही? पुस्तकांत उत्तर नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी रुग्ण एकदा, वॉर्डात, आजार पिकल्यावर पाहिलेला. तो त्याआधी दहा वर्षं कसा होता आणि नंतर वीस वर्षं कसा राहिला, हे त्यांना दिसायचंच नाही.

मॅकेन्झींना ते दिसत होतं, कारण ते त्याच गावात राहत होते. त्यांनी स्थानिक घड्याळजीच्या मदतीनं नाडीचे ठोके कागदावर उमटवणारं ‘पॉलिग्राफ’ नावाचं यंत्र बनवून घेतलं आणि गिरणीतल्या माणसांच्या नाड्या वर्षानुवर्षं नोंदवल्या. मधेच ठोका चुकणारी माणसं तेव्हा हृदयरोगी म्हणून अंथरुणाला खिळवली जायची. मॅकेन्झींनी अशा माणसांवर दीर्घकाळ लक्ष ठेवलं आणि दाखवलं, की त्यातली बरीचशी ठणठणीत राहतात. या शोधासाठी प्रतिभेइतकीच एकाच गावात अठ्ठावीस वर्षं राहण्याची गरज होती.

पुढे ते लंडनला गेले, नामांकित हृदयतज्ज्ञ झाले, ‘सर’ झाले. आणि मग, साठी उलटल्यावर, लंडनची भरभराटीची प्रॅक्टिस सोडून स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या छोट्या गावी गेले. १९१९ मध्ये तिथे त्यांनी एक संशोधन संस्था काढली. आजाराची सुरुवात फक्त जनरल प्रॅक्टिशनरला दिसते, तेव्हा संशोधनही त्यानंच करायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२५ मध्ये ते वारले आणि संस्था फार टिकली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९२६ मध्ये, त्याच बर्नलीत एक मुलगा जन्मला. त्याचं नाव इयन मॅकव्हिनी.

शिडीवरून पडलेले लोक

मॅकव्हिनी केंब्रिजला आणि लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकले आणि शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावात वडिलांच्या प्रॅक्टिसमध्ये दाखल झाले. तिथे त्यांनी चौदा वर्षं काढली. तो काळ ब्रिटनच्या सामान्य डॉक्टरांसाठी बरा नव्हता. १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली होती, दवाखान्यांत रांगा लागत होत्या. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं इंग्लंडमधले दवाखाने स्वतः फिरून बघितले आणि ‘लान्सेट’मध्ये अहवाल छापला. कळकट खोल्या, घाईघाईत उरकलेले पेशंट, नुसत्या चिठ्ठ्या लिहून रुग्णालयाकडे पिटाळणारे डॉक्टर, असं ते चित्र होतं. काही वर्षांनी चर्चिल यांचे डॉक्टर लॉर्ड मोरन यांनी सरकारी आयोगापुढे साक्ष देताना जनरल प्रॅक्टिशनर म्हणजे तज्ज्ञ होण्याच्या शिडीवरून खाली पडलेले लोक, अशा अर्थाचं विधान केलं. ते विधान ब्रिटिश डॉक्टर अजून विसरलेले नाहीत.

ही शिडी आपल्याकडेही आहे. आपण तिला ‘नुसता एमबीबीएस’ म्हणतो.

अपमानाला दोन प्रकारे उत्तर देता येतं. एक म्हणजे संघटना करणं. ते १९५२ मध्ये झालं, ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचं कॉलेज निघालं. दुसरं, आपलं काम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे सिद्ध करून विद्यापीठात जागा मिळवणं. एडिनबरोत १७७६ पासून चालत आलेला गरिबांचा एक दवाखाना होता. १९४८ मध्ये विद्यापीठानं तिथे जनरल प्रॅक्टिस शिकवण्याचा विभाग उघडला. रिचर्ड स्कॉट तो चालवत. विद्यार्थी तिथे वस्तीतल्या माणसांना भेटत, त्यांच्या घरी जात. १९६३ मध्ये स्कॉट प्राध्यापक झाले. जनरल प्रॅक्टिस या विषयाचं ते जगातलं पहिलं प्राध्यापकपद.

मॅकव्हिनी या दरम्यान स्ट्रॅटफर्डमध्ये पेशंट बघत लिहीत होते. १९६४ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. आजाराच्या सुरुवातीच्या खुणा हा त्याचा विषय; म्हणजे मॅकेन्झींनी जिथे सोडलं होतं, तिथूनच पुढे. मग ते अमेरिका पाहून आले आणि १९६६ मध्ये ‘लान्सेट’मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. एखादा विषय विद्यापीठात शिकवण्याच्या लायकीचा केव्हा ठरतो? त्यांनी चार कसोट्या मांडल्या: त्याचं स्वतःचं कार्यक्षेत्र हवं, स्वतःचं ज्ञान हवं, त्यात जिवंत संशोधन हवं आणि त्याचं प्रशिक्षण बुद्धीला आव्हान देणारं हवं. जनरल प्रॅक्टिस या कसोट्यांना उतरू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘आम्हालाही मान द्या’ अशी विनवणी त्या लेखात नव्हती. आम्हाला जे माहीत आहे ते तुमच्या रुग्णालयात बसून कळणार नाही, म्हणून विद्यार्थ्यांना आमच्याकडे पाठवा, असा तो दावा होता.

ऑन्टारिओतलं लंडन

१९६८ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठानं मॅकव्हिनींना फॅमिली मेडिसिनचे पहिले प्राध्यापक म्हणून बोलावलं. चाळिशी ओलांडलेला, चौदा वर्षं एका गावात मुरलेला डॉक्टर सगळं सोडून निघाला. उत्तर अमेरिकेत तेव्हा वारं फिरत होतं. १९६९ मध्ये अमेरिकेत फॅमिली प्रॅक्टिसला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी कॅनडात फॅमिली डॉक्टरांची पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली.

जवळपास दोन दशकं त्यांनी तो विभाग सांभाळला. तिथे काय शिकवलं जात होतं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

एक, शिकण्याची जागा. फॅमिली डॉक्टर घडवायचा तर त्याचं शिक्षण प्रत्यक्ष चालू असलेल्या प्रॅक्टिसमध्ये, तेच ते पेशंट पुन्हा पुन्हा बघत व्हायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकात फॅमिली मेडिसिनची नऊ तत्त्वं मांडली. त्यातली दोन फार साधी आहेत: डॉक्टरनं पेशंटच्या घरी जावं, आणि शक्यतो पेशंट जिथे राहतात तिथेच राहावं. जिना चढून गेल्याशिवाय गुडघेदुखीच्या म्हातारीला तिसरा मजला म्हणजे काय असतो, ते कळत नाही.

दोन, विचारण्याची पद्धत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ लेव्हनस्टाइन हे दक्षिण आफ्रिकेतले फॅमिली डॉक्टर पाहुणे प्राध्यापक म्हणून तिथे आले. त्यांनी आपल्याच दवाखान्यातली पेशंटशी झालेली संभाषणं ध्वनिमुद्रित करून, आपण नक्की काय करतो, याचा अभ्यास केला होता. चांगला फॅमिली डॉक्टर जे करतो, त्याला ‘अनुभव’ म्हणून सोडून देण्याची पद्धत असते. अनुभव शिकवता येत नाही, पद्धत शिकवता येते. लेव्हनस्टाइन, मॅकव्हिनी आणि विभागातल्या मॉइरा स्ट्युअर्ट, ज्युडिथ बेल ब्राउन, वेन वेस्टन या सहकाऱ्यांनी मिळून त्या अनुभवाची पद्धत केली. त्यात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या: शरीरातला रोग, आणि त्या माणसाला जाणवणारं आजारपण. रोग शोधायला वॉर्डात शिकवतातच. आजारपण समजून घ्यायला त्यांनी विद्यार्थ्यांना चार दिशा दिल्या. तुम्हाला कशाची भीती वाटते? हे कशानं झालं असं तुम्हाला वाटतं? यामुळे तुमचं कुठलं काम अडलंय? आणि माझ्याकडून काय हवंय? आज जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे प्रश्न शिकवले जातात, बहुतेकांना ते कुठून आले, हे माहीतही नसतं.

हे नुसतं गोड बोलणं आहे का? याच विद्यापीठातल्या गटानं फॅमिली डॉक्टरांकडे नव्यानं डोकेदुखी घेऊन आलेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. वर्षानंतर डोकेदुखी बरी झाली की नाही, याच्याशी सर्वांत जवळचं नातं निघालं ते एका गोष्टीचं: पहिल्या भेटीत आपल्याला डॉक्टरशी या दुखण्याबद्दल पुरेसं बोलता आलं, असं रुग्णाला वाटलं होतं का?

तीन, शिकवणारे घडवणं. सत्तरच्या दशकातच त्यांच्या विभागानं, आधीच प्रॅक्टिस करत असलेल्या फॅमिली डॉक्टरांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरनं इथे शिकायचं ते शिकवायला आणि संशोधन करायला. एक गुरू शंभर शिष्य घडवेल. पण गुरूच घडवले तर काम त्याच्यानंतरही चालतं. मॅकेन्झींची संस्था त्यांच्यामागे विझली, मॅकव्हिनींचा विभाग टिकला, याचं एक कारण हे असावं, असं मला वाटतं.

उतारवयात त्यांनी मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची सेवा करणारा विभाग सांभाळला. २०१२ मध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं. कॅनडात त्यांना फॅमिली मेडिसिनचे जनक म्हणतात.

एक शंका

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग सगळं शिक्षण दवाखान्यातच का नेत नाही? अडचण आहे, आणि ती मॅकव्हिनींच्याच विचारातून निघते. फॅमिली डॉक्टरचं ज्ञान नात्यातून येतं आणि नातं वर्षांनी तयार होतं. विद्यार्थी चार-सहा आठवड्यांसाठी येतो. तो डॉक्टरचं नातं बघतो, त्याचं स्वतःचं कुणाशी जुळत नाही. बर्नलीतली अठ्ठावीस वर्षं सेमिस्टरमध्ये बसत नाहीत. शिवाय दवाखाना लहान, एका डॉक्टरमागे एखाद-दोनच विद्यार्थी बसू शकतात. वॉर्डाच्या राउंडला वीस उभे राहतात. हे शिक्षण महाग आहे, हळू आहे, आणि त्याची परीक्षा घेणं कठीण आहे. परीक्षेत विचारता येत नाही ते हळूहळू अभ्यासक्रमातून गळतं, हे आपण सगळेच जाणतो.

आपल्याकडे

भारतात हा प्रश्न कुणाला पडला नाही, असं नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीनं समाज ओळखणारा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवायला सांगितलं होतं. त्यातूनच आपल्या महाविद्यालयांत प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे, म्हणजे ‘पीएसएम’चे, विभाग आले. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीनं पुन्हा तेच, जास्त कळकळीनं सांगितलं. १९७७ मध्ये महाविद्यालयांना ग्रामीण भागाशी जोडणारी योजना आली, फिरते दवाखाने आले.

आपल्या महाराष्ट्रात सेवाग्रामला १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी त्या गावात मुक्काम करते आणि नंतरही त्याच कुटुंबांकडे जात राहते. २०२२ पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या मुलांना काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायला सांगितलं आहे.

माझी बहीण त्या नियमाच्या आधीची. तिच्या कॉलेजात गावभेट म्हणजे काय असायची, ते तिनं सांगितलं: ‘‘बस यायची. आम्ही घरोघर जाऊन फॉर्म भरायचो. संडास आहे का, नळ आहे का, लसीकरण झालंय का. बाई काही सांगायला लागली तर आमच्याकडे तो रकानाच नसायचा. तीनला परत.’’ म्हणजे विद्यार्थ्याला गावात नेलं, पण शिकवणारा गावातला नव्हता. एडिनबरो आणि ऑन्टारिओत जे झालं, त्याचा अर्धा भागच आपण घेतला. आजही आपल्या बहुतेक महाविद्यालयांत फॅमिली मेडिसिनचा वेगळा विभाग नाही, आणि ज्यानं आयुष्यभर दवाखाना चालवला, त्याला शिक्षक म्हणून आत यायला दार नाही.

हे मला पटलं ते आमच्या गावातल्या डॉक्टरांमुळे. एमबीबीएस, चाळीस वर्षं पेठेत एकच दवाखाना. माझ्या आजोबांपासून माझ्यापर्यंत सगळे त्यांच्या बाकावर बसलेले. बहीण सुट्टीला आली, तेव्हा दोन रविवार त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. डॉक्टरांनी तिला काहीच ‘शिकवलं’ नाही. पण तिच्या लक्षात आलं, की नाडी बघता बघता ते प्रत्येकाला घरातलं काहीतरी विचारतात. ‘‘सून आली का माहेराहून?’’, ‘‘विहिरीचं काम झालं?’’ तिनं विचारलं, की हे कशासाठी? ते म्हणाले, ‘‘अगं, काय बदललंय ते कळायला आधी कसं होतं ते माहीत लागतं.’’ मॅकेन्झींचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

निघताना मी त्यांना विचारलं, ‘‘काका, तुमच्याकडे कधी मेडिकलची मुलं आली नाहीत शिकायला?’’ जिल्ह्याचं मेडिकल कॉलेज त्यांच्या दवाखान्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. ते हातातलं झाकण पेनला लावत म्हणाले, ‘‘मला कुणी विचारलंच नाही रे.’’ तक्रारीच्या सुरात नाही. पाऊस अजून आला नाही, असं सांगावं तसं.

बहिणीनं आता एक वही केली आहे. ज्या पेशंटचं निदान लागलं नाही, त्याचं नाव आणि तक्रार ती लिहून ठेवते आणि त्याला दोन आठवड्यांनी पुन्हा यायला सांगते. बरेच जण येतात ते ‘बरं वाटतंय’ सांगायला. काही येत नाहीत. एकाचा खोकला क्षयाचा निघाला, तो आणखी लवकर कळायला हवा होता, असं तिला अजून वाटतं. आणि ती पहिल्या आठवड्यातली, तोंडाला चव नसलेली बाई? तिचं हिमोग्लोबिन सात होतं. गोळ्या दिल्या. पण दुसऱ्या भेटीत बहिणीनं ‘‘घरी कोण कोण असतं?’’ असं विचारलं, तेव्हा कळलं, की मुलगा भांडून शहरात निघून गेलाय आणि बाई दिवसातून एकदाच, उभ्या उभ्या, काहीतरी तोंडात टाकते. गोळ्या त्या बाईनं पहिल्या पंधरवड्यात घेतल्याच नव्हत्या. आता घेते.

पुढच्या वर्षी नीट-पीजी आहे. फॅमिली मेडिसिनचा डीएनबी करायचा विचार आहे, असं तिनं घरी एकदा बोलून दाखवलं. मावशी म्हणाली, ‘‘एवढं शिकून शेवटी दवाखानाच टाकायचा होता, तर हे आधी सांगायचंस.’’ काका काही बोलले नाहीत. रेडिऑलॉजी किती चांगली, हे मामानं अर्धा तास समजावलं. मलाही विचारलं. मी हजार माणसांचा हिशेब सांगायला लागलो, तर मामा म्हणाला, ‘‘तू कॉम्प्युटरवाला, तुला काय कळतंय त्यातलं?’’

तेही खरंच. बहिणीनं अजून ठरवलेलं नाही. परवा फोनवर ती म्हणाली, की वही भरली, दुसरी घ्यायला हवी.